कुत्रा लाकडी कुंपण चावत असेल तर काय करावे? अंगण असलेल्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

ठाण्यात आणि नवी मुंबईत कुत्रा पाळणारी बहुतेक कुटुंबे इमारतींत राहतात, त्यामुळे चपला, सोफा आणि दाराची चौकट चावल्याच्या कहाण्या आपण नेहमी ऐकतो. नेरुळ, ऐरोली, कोपरखैरणे येथील रो-हाऊस किंवा येऊर आणि घोडबंदर रस्त्याकडील बंगले यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे कुत्र्याच्या वाट्याला छोटेसे अंगण येते, अंगणाला लाकडी कुंपण असते आणि एखाद्या सकाळी त्या कुंपणाच्या फळीचा खालचा कोपरा नाहीसा झालेला दिसतो.

आमचे घर नेरुळला आहे आणि आमचा खंडू हा देशी कुत्रा आहे. चौदा महिन्यांचा झाल्यावर त्याने दीड महिन्यात सात फळ्या निकामी केल्या. आम्ही आधी फवारे आणले, मग सुताराला बोलावले, मग रागावलो आणि सर्वांत शेवटी तो हे का करतो याचा विचार केला. खरे तर हा क्रम नेमका उलटा असायला हवा होता. कुंपण चावणे ही एकच सवय दिसली तरी तिची कारणे अगदी वेगळी असू शकतात. आमच्याकडे तर एकाच कुत्र्याची, एकाच कुंपणाच्या दोन टोकांना, दोन निराळी कारणे निघाली. म्हणून खालील टप्पे याच क्रमाने करावेत आणि पहिले तीन पूर्ण होईपर्यंत जाळी, रंग किंवा फवारा यांवर एक रुपयाही खर्च करू नये.

१. सर्वप्रथम कुत्र्याचे तोंड तपासा

फळीचा तुकडा तुटला असेल तर तो जमिनीवर पडला आहे की कुत्र्याच्या पोटात गेला आहे, हे आधी पाहावे. पडलेले तुकडे गोळा करून फळीच्या तुटलेल्या जागेशी जुळवून पाहिले की किती लाकूड कमी आहे याचा अंदाज येतो. त्यानंतर उजेडात बसवून ओठ वर उचलावेत, हिरड्या, जिभेखालची जागा आणि विशेषतः टाळू पाहावा. वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये काडी टाळूवर आडवी अडकून बसणे हा प्रकार अनेकदा घडतो. कुत्रा सारखा पंजाने तोंड घासतो, लाळ गाळतो आणि घरच्यांना वाटते की तो खेळतो आहे. बाहेरून सहज दिसणारी सैल काडी काढता येईल, पण हिरडीत किंवा घशात रुतलेली कुसळे घरी ओढू नयेत.

वारंवार उलटी, जेवणावरची वासना उडणे, पोटाला हात लावू न देणे, शौचाला जोर करावा लागणे, काळी किंवा रक्त मिसळलेली विष्ठा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा सल्ला हमखास कोणीतरी देते. तो ऐकू नये. टोकदार लाकूड वर येताना अन्ननलिकेला पुन्हा इजा करू शकते आणि जास्त मीठ कुत्र्यासाठी स्वतंत्रपणे घातक आहे.

कुत्रा लाकूड नुसते कुरतडून टाकत नसून खात असेल, तर प्रश्न कुंपणाचा नसून आरोग्याचा असण्याची शक्यता आहे. जंत, रक्तक्षय, पचनाचे विकार किंवा अपुरा आहार असलेली काही कुत्री माती, कागद, लाकूड अशा अखाद्य वस्तू खातात. आपल्या भागात गोचीडतापाने रक्त कमी होण्याचे प्रकार सर्रास आढळतात, म्हणून अशा वेळी विष्ठेची आणि रक्ताची तपासणी करून घेतल्याशिवाय पुढील टप्प्यांकडे वळू नये.

२. कुंपणाचे लाकूड कुठून आले, हे शोधून काढा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, कारण कुंपण घराबरोबर मिळालेले असते किंवा सुताराने स्वस्तात करून दिलेले असते. नवी मुंबईत न्हावाशेवा बंदर जवळ असल्यामुळे मालाच्या पॅलेटचे (माल रचण्याच्या लाकडी चौकटींचे) आणि खोक्यांचे पाइनचे लाकूड भंगारात सहज मिळते आणि बागेच्या कुंपणासाठी ते मोठ्या प्रमाणात वापरले जाते. आमचेही तेच होते. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो, त्यात देशाची दोन अक्षरे आणि पुढे प्रक्रियेची अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे, तर ‘एमबी’ म्हणजे त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ‘एमबी’ शिक्क्याच्या फळ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर नसाव्यात. शिवाय ‘एचटी’ शिक्का असला तरी त्या पॅलेटवर पूर्वी कोणते रसायन सांडले असेल हे शिक्का सांगत नाही, त्यामुळे डाग पडलेली किंवा वास येणारी फळी सरळ बाजूला काढावी.

हिरवट झाक असलेले जुने प्रक्रियायुक्त खांब दिसले तर अधिक जपावे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण लाकडात मुरवण्याची पद्धत आपल्याच देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३० च्या दशकात शोधून काढली आणि पुढे ती जगभर वापरली गेली. वाळवी आणि बुरशी यांविरुद्ध ती उत्तम आहे, पण त्यातील आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी तिचा वापर थांबवण्यात आला. असा खांब कुत्रा चावत असेल तर तो बदलावा किंवा पूर्ण झाकावा.

जुन्या तेलरंगाचाही विचार करावा. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेल्या कुंपणाचे पोपडे कुत्रा गिळत असेल तर तो रंग सुरक्षित आहे असे गृहीत धरू नये.

आता सर्वांत मोठा स्थानिक सापळा: जळके ऑइल. वाळवी लागू नये म्हणून गॅरेजमधून आणलेले वापरलेले इंजिन ऑइल लाकडाला फासण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ‘त्याच्या वासाने कुत्राही जवळ येणार नाही’ असे सुतार खात्रीने सांगतो. आमच्या सुतारानेही सांगितले. खंडू जवळ गेला, अंगाला माखून घेतले आणि मग ते अंग चाटत बसला. अशा ऑइलमध्ये जड धातू असतात आणि ते चाटल्यावर किंवा उलटीवाटे फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होऊ शकतो. असे झाल्यास कुत्र्याला चाटू न देता भांडी घासण्याच्या साबणाने अंग धुवावे, उलटी करवू नये आणि डॉक्टरांना फोन करावा. खंडूवर ती रात्र सलाइन लावून काढण्याची वेळ आली, आणि दुसऱ्या दिवशी त्या फळ्या आम्ही स्वतः उतरवल्या. डांबर आणि वाळवीची औषधे यांनाही हाच इशारा लागू आहे. वाळवीची फवारणी करणाऱ्याला घरात कुत्रा आहे हे आधी सांगावे आणि औषधाचे नाव लिहून घ्यावे.

३. पंधरा दिवसांची वही ठेवा

खडूने प्रत्येक फळीवर आतल्या बाजूने क्रमांक टाकावा. मग रोज पाच गोष्टी लिहाव्यात: कोणती फळी, जमिनीपासून किती उंचीवर, साधारण कोणत्या वेळी, त्या वेळी घरात कोण होते आणि त्याआधीच्या तासाभरात कुत्र्याने काय केले. जुना मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावून कॅमेरा म्हणून वापरला तरी पुरतो.

दातांच्या खुणाही वाचता येतात. आमच्याकडे नळाजवळच्या चार फळ्यांवर अगदी खालच्या सहा इंचांत बारीक, समांतर चरे होते, म्हणजे पुढच्या लहान दातांनी ओरबाडलेले होते, आणि शेजारी पंजांनी उकरलेली माती होती. फाटकालगतच्या तीन फळ्यांवर मात्र दीड-दोन फुटांच्या उंचीवर दाढेने चिरडलेले लाकूड होते, जुन्या खराट्यासारखे फिसकारलेले. पहिल्या चार फळ्यांची नोंद जवळजवळ रोज रात्री होत होती. दुसऱ्या तीन फळ्यांची फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. मंगळवार आणि शुक्रवार हे सासूबाईंचे भजनी मंडळाचे दिवस आहेत, हे वही समोर ठेवेपर्यंत घरातल्या एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

४. कारणाप्रमाणे उपाय ठरवा

पिल्लाचे दात येत असतील तर फारसे काही करावे लागत नाही. दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ दात येण्याची प्रक्रिया साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत चालते. तेवढा काळ पिल्लाला कुंपणाशी एकटे सोडू नये आणि थंड, मऊ चघळण्याजोगी वस्तू द्यावी. त्यानंतरही, दीड वर्षापर्यंत, तरुण कुत्र्यांना चावण्याची ओढ असते, पण तिच्यामागे बहुधा न जिरलेली ताकद असते. सकाळ-संध्याकाळ केवळ शू-शीपुरती फेरी न मारता, त्याला हवे तिथे थांबून हुंगू देणारी अर्ध्या-पाऊण तासाची फेरी असावी. अंगण असलेल्या घरांत एक गैरसमज दिसतो की कुत्रा दिवसभर मोकळाच असतो, त्याला वेगळे फिरवायची गरज नाही. चारशे चौरस फुटांच्या अंगणातले सगळे वास कुत्र्याला पहिल्या आठवड्यातच पाठ होतात.

कुंपणापलीकडून रस्त्यावरची कुत्री, मांजरे किंवा डिलिव्हरीची मुले जात असतील आणि कुत्रा भुंकत भुंकत फळीवर दात रोवत असेल, तर ती अडवणुकीची चीड असते. अशा वेळी आधी दृश्य बंद करावे. कुंपणाच्या आतून दोन-अडीच फुटांपर्यंत हिरवी शेडनेट ताणून लावली की निम्मा प्रश्न सुटतो. ती कुत्र्याच्या दातांत येणार नाही अशी घट्ट असावी. वर्दळीच्या वेळेत कुत्र्याला घरात घ्यावे आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना अन्न घालत असाल तर ते आपल्या कुंपणाला लागून घालू नये.

नळाजवळच्या फळ्यांचे कारण सासूबाईंनी शोधले. ‘अगं, तो लाकूड खात नाहीये, घुशीच्या मागे लागलाय,’ असे त्या म्हणाल्या आणि कुंडी सरकवून त्यांनी ताज्या मातीचा ढीग दाखवला. कुंपणाखालून घुशीचे बीळ गेले होते. उंदीर-घुशींचा वास आणि खडखड कुत्र्याला लाकडाच्या मागून येते, म्हणून तो लाकूड बाजूला करू पाहतो. त्याच्या दृष्टीने ते कर्तव्यच असते. येथे कडू फवारा सर्वथा निरुपयोगी ठरतो. खतासाठी साठवलेला ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवावा, कबुतरांचे दाणे बंद करावेत, रात्री कुत्र्याचे ताट बाहेर राहू देऊ नये. बीळ वापरात आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडाशी कागदाचा बोळा सैलसर ठेवावा आणि दोन-तीन दिवस तो जागचा हलला नाही की खडी व सिमेंटने बीळ बुजवावे. घुशीचे विष मात्र अंगणात अजिबात ठेवू नये. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने कुत्र्याच्या रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात, तोपर्यंत घरच्यांना कारण आठवतही नाही. झिंक फॉस्फाइड तर त्याहून झपाट्याने काम करते. विष खाल्लेली घूस कुत्र्याने तोंडात धरली तरी धोका असतो.

फाटकाजवळचे चावणे हे एकटेपणाच्या भीतीचे होते. त्याची ओळख अशी की ते दाराशी किंवा फाटकाशी होते, घरचे बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात सुरू होते आणि कॅमेऱ्यात कुत्रा खेळकर नव्हे तर धापा टाकताना, येरझाऱ्या घालताना किंवा विव्हळताना दिसतो. अशा कुत्र्याला शिक्षा केली तर भीती वाढते, आणि फळीवर जाळी ठोकली तर तो जाळी चावतो. जाळी किंवा पिंजऱ्याचे गज सतत चावणाऱ्या कुत्र्यांच्या सुळ्यांची मागची बाजू झिजते आणि पुढे सुळा तुटू शकतो.

यावर उपाय संथ आहे. कुत्र्याला अंगणाऐवजी घरात, ओळखीच्या खोलीत ठेवावे. चपला घालणे, किल्ल्या उचलणे या हालचाली दिवसातून अनेकदा करून पुन्हा खुर्चीत बसावे, म्हणजे त्यांचा धसका कमी होतो. मग एक मिनिट बाहेर, परत, दोन मिनिटे बाहेर, परत, पाच मिनिटे. कुत्रा अस्वस्थ होण्याआधी परतायचे, हा एकच नियम पाळावा आणि घाई केली तर मागच्या पायरीवर यावे लागते, हे गृहीत धरावे. मधल्या काळात त्याला पूर्ण एकटे ठेवणे टाळावे. आम्ही मंगळवार-शुक्रवारी खंडूला शेजारच्या काकांकडे दोन तास सोडत होतो. भीती तीव्र असेल तर पशुवैद्यक औषध देऊ शकतात, पण ते त्यांनीच ठरवावे. माणसांसाठीच्या झोपेच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत.

५. आता कुंपण दुरुस्त करा

दुरुस्तीला लागणारे साहित्य असे आहे:

- जी. आय. (जस्ताचा मुलामा दिलेली) वेल्डेड जाळी, एक इंच चौकटीची, कुंपणाच्या लांबीइतकी आणि किमान चार फूट रुंद
- यू आकाराचे खिळे, हातोडी, पक्कड आणि पत्रा कापण्याची कात्री
- कडांसाठी ॲल्युमिनियमची एल पट्टी आणि गंज न धरणारे स्क्रू
- ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर
- पाण्यात मिसळणारा बाह्य वापराचा रंग
- कुदळ, जाड हातमोजे आणि जमल्यास एक लोहचुंबक

प्रथम सैल कुसळे काढून फळी पॉलिश पेपरने घासावी. खरखरीत, फाटलेली कड कुत्र्याला पुन्हा त्याच जागी बोलावते, त्यामुळे हे काम सौंदर्यासाठी नाही. आर्सेनिकयुक्त प्रक्रियेचा किंवा जुन्या तेलरंगाचा संशय असेल तर घासू नये, कारण ती धूळ तुमच्याही नाकात जाते. अशी फळी बदलावी.

नंतर जाळी कुंपणाच्या आतल्या बाजूने, जमिनीच्या वर दोन फुटांपर्यंत ठोकावी. उरलेल्या दोन फुटांपैकी एक फूट जमिनीत खाली न्यावी आणि एक फूट अंगणाच्या दिशेने आडवी वळवून मातीखाली पुरावी. या इंग्रजी एल आकारामुळे कुत्र्याला कुंपणालगत उकरता येत नाही आणि घुशीलाही पलीकडून आत यायला अवघड जाते. जाळीची कापलेली टोके पकडीने मागे वळवावीत. हात फिरवून पाहावे, आपल्याला बोचले तर कुत्र्याच्या ओठाला नक्कीच बोचेल. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, कारण तिची तार दातांनी तुटते आणि तुटलेली टोके पोटात जाऊ शकतात. काम झाल्यावर पडलेले खिळे आणि तारेचे तुकडे चुंबकाने वेचावेत. आम्हाला गवतात अकरा खिळे सापडले.

फळ्यांच्या उघड्या उभ्या कडांना एल पट्टी लावली की दात रोवायला जागा राहत नाही. आडव्या दांड्या आतल्या बाजूला असतील तर त्या चावायला सोयीच्या होतातच, शिवाय चढायलाही कामी येतात. शक्य असेल तेव्हा त्या बाहेरच्या बाजूला घ्याव्यात.

लाकडाऐवजी बांबूचे कुंपण करण्याचा मोह होतो, पण बांबूची चिरफळी पाइनपेक्षा अधिक धारदार असते. लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र फळ्या टिकाऊ असल्या तरी चावणारा कुत्रा त्यांचेही तुकडे काढतो. जिवंत कुंपण लावायचे असेल तर झाड नीट निवडावे. रस्त्यांच्या दुभाजकांत दिसणारी कण्हेर आणि पिवळी बिट्टी दोन्ही हृदयावर परिणाम करणारी विषारी झाडे आहेत आणि सोसायट्यांच्या कडेने छाटून ठेवलेला सोनेरी पानांचा ड्युरांटाही कुत्र्यासाठी विषारी आहे. जास्वंद चालेल.

६. कडू फवारा केव्हा आणि कसा वापरावा

कारण दूर केल्यावर उरलेली सवय मोडण्यासाठी फवाऱ्याचा उपयोग होतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात चावणे रोखणारे तयार कडू फवारे मिळतात. कुंपणावर मारण्यापूर्वी त्यात भिजवलेला कापसाचा बोळा कुत्र्याला तोंडात घेऊ द्यावा आणि त्याने तो थुंकल्यावर बोळा उचलून घ्यावा, म्हणजे तो वास आणि ती चव यांची सांगड त्याच्या डोक्यात बसते. त्यानंतर दोन ते चार आठवडे रोज फवारा मारावा. काही कुत्र्यांना कडू चवीचे काहीच वाटत नाही. मी एकदा कारल्याचा रस लावून पाहिला होता. खंडूने ती फळी चाटून स्वच्छ केली आणि आणखी मिळेल का म्हणून माझ्याकडे पाहिले.

तिखटाचे पाणी, मिरपूड, फिनाइल, डांबराच्या गोळ्या आणि सॅनिटायझर यांपैकी काहीही वापरू नये. तिखट पंजांवरून डोळ्यांत जाते, आणि डांबराच्या गोळ्या व फिनाइल गिळल्यास विषबाधा होते.

७. चावण्यासाठी त्याच्या हक्काची वस्तू द्या

चावणे बंद करणे शक्य नाही आणि योग्यही नाही, ते फक्त वळवता येते. मापाचे रबरी पोकळ खेळणे दही-भाताने किंवा उकडलेल्या भोपळ्याने भरून गोठवले की अर्धा तास निघतो. पीनट बटर वापरणार असाल तर घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना ते वाचावे. ते कुत्र्यासाठी विषारी आहे. वस्तू किती कठीण असावी याची सोपी परीक्षा अशी की अंगठ्याचे नख रुतवल्यावर तिच्यावर थोडीशी खूण उमटली पाहिजे. शिंगे, खूर, वाळलेली हाडे यांनी वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडू शकतो. शिजवलेली हाडे तर देऊच नयेत.

ही वस्तू कुंपणाच्या विरुद्ध कोपऱ्यात द्यावी. कुत्रा फळीकडे वळला की ओरडू नये. शांतपणे नाव घेऊन बोलवावे, ‘सोड’ म्हणावे, सोडल्याबरोबर खाऊ द्यावा आणि मग त्याची वस्तू पुढे करावी. तासाभरापूर्वी चावलेली फळी दाखवून रागावण्याचा काहीही उपयोग नसतो, कारण ती शिक्षा कशाबद्दल आहे हे त्याला कळत नाही. तो अपराधी चेहरा करतो असे आपल्याला वाटते, पण तो आपल्या आवाजाला घाबरलेला असतो.

कुंपणापासून दूर राहावा म्हणून त्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे हा उपाय नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हे दोन्ही क्रूरतेच्या व्याख्येत येते.

८. पावसाळ्याची वेगळी तयारी करा

चार महिन्यांत इथे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या काळात तिन्ही गोष्टी एकदम बिघडतात: फवारा धुऊन जातो, लाकूड भिजून मऊ होते आणि कुत्र्याच्या फेऱ्या कमी होतात. शिवाय बिळांत पाणी शिरल्यामुळे घुशी नव्या जागा शोधतात. मे महिन्यातच जाळीचे खिळे तपासावेत, फळ्या कोरड्या असताना रंगाचा हात द्यावा आणि फळी व माती यांच्यात दोन इंचांची फट ठेवावी. ती फट जाळीने झाकलेलीच असते. पावसात घरातल्या घरात खाऊ लपवून हुंगून शोधायला लावणे, जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत कोरडे खाद्य देणे अशा खेळांनी बराच वेळ जातो. साचलेल्या पाण्यातून फिरवणे टाळावे आणि लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर झाली आहे ना, हे पाहावे.

येऊर, मानपाडा आणि घोडबंदर रस्त्याकडील घरांसाठी एक जादा सूचना: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. लाकडी कुंपण कितीही मजबूत केले तरी रात्री कुत्रा घरातच असावा.

९. कागदपत्रे आणि शेजारी

मोडलेल्या फळीतून कुत्रा रस्त्यावर गेला तर धावपळ होते, म्हणून लसीकरणाचे पुस्तक, रेबीज लसीचा दाखला, महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि कुत्र्याचा अलीकडचा फोटो एकाच फाइलमध्ये ठेवावा. गळपट्ट्यावर फोन क्रमांक असावा. कुंपण दोन घरांत सामाईक असेल किंवा त्याची उंची, साहित्य बदलणार असाल तर शेजाऱ्यांशी बोलून सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. आम्ही न विचारता शेडनेट लावली आणि काकांच्या मोगऱ्याचे ऊन गेले. ती नंतर सहा इंच खाली घ्यावी लागली.

१०. काढलेल्या फळ्यांचे काय करावे

त्या अंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवू नयेत, कारण कुत्र्याच्या दृष्टीने तो खाऊचा ढीग होतो आणि घुशीच्या दृष्टीने घर. प्रक्रिया केलेले, रंगवलेले किंवा ऑइल लावलेले लाकूड बंबात, चुलीत वा शेकोटीत जाळू नये. आर्सेनिकयुक्त लाकडाची राख विषारी असते, म्हणून ती झाडांना घालण्याचाही प्रश्न येत नाही. अशा फळ्यांतील खिळे काढून, त्या वेगळ्या बांधून, बांधकामाचा राडारोडा व मोठा कचरा उचलण्याबाबत आपल्या प्रभाग कार्यालयात विचारावे. बांधलेली मोळी गाडी येईपर्यंत फाटकाबाहेर ठेवावी, आणि ती जाईपर्यंत कुत्र्याला फिरवायला नेताना पट्टा थोडा आखूड धरावा.